सातबारव: वाळवंटातलं शहर वसवताना मी काय काय चुकलो

(ऐकलेल्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आज आपण एक शहर वसवणार आहोत. खोटं शहर. पण त्याचं ऊन, वारा आणि पाणी मात्र खरं ठेवायचं, अशी अट आहे.

झालं असं, की गेल्या वर्षी मी एक ऑडिओ कथामाला लिहायला घेतली. कथा घडते वाळवंटातल्या एका अवाढव्य शहरात. पहिला मसुदा झाला तेव्हा मी फार खूश होतो. सोनेरी घुमट, उंच मनोरे, मधोमध राजवाडा, त्याच्यासमोर कारंजं. चारी बाजूंना वाळूच्या टेकड्या. मग तो मसुदा मी ताईला वाचून दाखवला. ताईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुझ्या शहरात सगळे तलवारी घेऊन फिरतात. हंडा कुणाकडंच नाही का रे?"

आम्ही लातूरचे. त्यामुळे हा प्रश्न तिनं का विचारला, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती. त्याबद्दल शेवटी बोलूच. पण त्या एका प्रश्नानं माझं अख्खं शहर कोसळलं. कारंज्यात पाणी कुठून येतं, हे मलाच माहीत नव्हतं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आजचा भाग म्हणजे त्या दुरुस्तीची गोष्ट. तुम्ही कथा लिहीत असाल, गेमचा नकाशा काढत असाल, किंवा नुसतीच उत्सुकता असेल, तरी उपयोग होईल.

आधी शब्दापासून सुरू करू

मराठीत 'वाळवंट' म्हटलं की डोळ्यांसमोर वाळूच येते, कारण शब्दातच वाळू आहे. पण आपल्याकडे या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट असतं ना? म्हणजे नदीकाठची वाळूची मोकळी जागा. तिथं पाणी शेजारीच असतं! इंग्रजीत ज्याला डेझर्ट म्हणतात त्याची ओळख मात्र वाळू नाही, पाऊस आहे. ढोबळमानानं वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तो प्रदेश वाळवंटी. जगातल्या वाळवंटांचा साधारण पाचवा भागच वाळूनं झाकलेला आहे. बाकी खडी, खडक, मीठ, कडक माती.

म्हणून माझी पहिली दुरुस्ती: शहराभोवतीच्या वाळूच्या टेकड्या काढून टाकल्या. त्या लांब, वाऱ्याच्या दिशेला नेऊन ठेवल्या. कारण टेकड्या सरकतात. आणि गंमत म्हणजे छोटी टेकडी मोठीपेक्षा वेगानं सरकते. अशा टेकड्यांना खेटून कुणी शहाणा माणूस शहर वसवत नाही. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' कादंबरीचं मूळही इथंच आहे. अमेरिकेत ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर सरकणारी वाळू गवत लावून थांबवण्याचं काम सरकारी शेती खातं करत होतं. त्यावर लेख लिहायला म्हणून तो गेला, आणि त्यातून १९६५ साली एक अख्खा वाळवंटी ग्रह छापून आला.

वाळवंट तिथंच का?

नकाशावर कुठंही बोट ठेवून 'इथं वाळवंट' म्हणता येत नाही. त्याला कारण लागतं. मुख्य कारणं चार.

एक. विषुववृत्तावर हवा तापते, वर चढते, तिथंच पाऊस पाडते आणि कोरडी होऊन उत्तरेला-दक्षिणेला सरकते. मग साधारण ३० अंशांच्या आसपास ती खाली उतरते. उतरताना दाबली जाते, तापते, आणि ढग काही होत नाहीत. सहारा, अरबस्तान हे याच पट्ट्यातले.

दोन. डोंगराची आड बाजू. हे आपल्याला घरबसल्या कळतं. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस. तिथून पूर्वेला माण तालुक्यात या, पाचशेच्या आसपास. ढग घाटावर रिकामे होतात आणि पलीकडे नुसती वाऱ्याची झुळूक पोहोचते. माण काही वाळवंट नाही, पण तत्त्व तेच.

तीन. किनाऱ्याजवळून वाहणारा थंड सागरी प्रवाह. पेरूची राजधानी लिमा घ्या. समुद्रकाठी, एक कोटीच्या आसपास वस्ती, आणि पाऊस जवळजवळ नाहीच. थंड पाण्यामुळे खालची हवा थंड राहते, वर चढत नाही. धुकं भरपूर, पाऊस नाही. तिथल्या डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये लोक जाळ्या उभ्या करून धुक्यातून पाणी गोळा करतात.

चार. समुद्रापासून लांबच लांब. गोबीसारखं. ढग तिथपर्यंत पोहोचेस्तोवर रिकामे झालेले असतात.

मी काय निवडलं? पहिलं आणि दुसरं एकत्र. माझं शहर ३० अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचावर. पश्चिमेला तीन हजार मीटरची डोंगररांग, तिच्या पलीकडे समुद्र. हिवाळ्यात पश्चिमेकडून ढग येतात, डोंगरावर पाऊस आणि बर्फ टाकतात. शहरात पोहोचतो वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर.

इथं माझी दुसरी चूक सापडली. मी सगळ्यात कडक उन्हाळा मे महिन्यात दाखवला होता. कारण आपल्या डोक्यात उन्हाळा म्हणजे मे! पण आपल्याकडे मे नंतर तापमान उतरतं ते पावसामुळे. जिथं मान्सूनच नाही तिथं जून, जुलै, ऑगस्ट हेच भट्टीचे महिने. मग जुलैत दुपारी ४३, पहाटे २७. जानेवारीत दुपारी १५, पहाटे ३. शाळेच्या सुट्ट्या, लग्नसराई, बाजाराचे दिवस, सगळं त्यानुसार हलवावं लागलं.

रात्री एवढा गारवा का? हवा कोरडी, ढग नाहीत. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सरळ आकाशात सोडून देते. ढग म्हणजे पांघरूण. वाळवंट पांघरूण न घेता झोपतं.

माठ घामाघूम झाला पाहिजे

आता एक महत्त्वाचा फरक. कोरडी उष्णता आणि दमट उष्णता. नागपूरला मे महिन्यात वाळ्याचा कूलर लावला की खोली गार होते. तोच कूलर मुंबईत लावा, खोली नुसती चिकचिकीत होईल. माठाचंही तसंच. माठातून झिरपलेलं पाणी हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवा आधीच ओली असेल तर पाणी उडणार कुठं?

म्हणून ठरवा: तुमचं शहर किनाऱ्यावरचं वाळवंट आहे की आतलं? दुबईत वाळवंट आहे, पण समुद्राची दमट हवा आहे. ऑगस्टमध्ये तिथं घाम वाळत नाही. तुमच्यापैकी तिकडं कामाला असलेल्यांना हे मी काय सांगणार! माझं शहर आतलं आहे. म्हणजे माठ चालतो, ओले पडदे चालतात, कारंजंही चालतं, पण ते शोभेसाठी नाही. अंगणात थोडं पाणी आणि एक झाड एवढ्यानं फरक पडतो.

इराणमध्ये यझ्द नावाचं शहर आहे, २०१७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. तिथं घरांवर बादगीर असतात, म्हणजे वारा पकडणारे मनोरे. वरून वारा आत घ्यायचा, खाली पाण्यावरून फिरवायचा, गार करून खोलीत सोडायचा. तिथल्या दौलताबाद बागेतला बादगीर ३० मीटरहून उंच आहे. वीज नाही, पंखा नाही. म्हणून माझ्या शहरातले मनोरे मी ठेवले, पण त्यांना काम दिलं. मनोऱ्यांची उघडी तोंडं डोंगराच्या दिशेला. कारण डोंगराच्या पायथ्याशी वाऱ्याचं वेळापत्रक असतं: दिवसा वारा उताराकडून डोंगरावर चढतो, रात्री गार हवा डोंगरावरून खाली घसरते. रात्रीचा तो वारा माझ्या शहराची सगळ्यात मोठी इस्टेट आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गल्ल्या अरुंद. जैसलमेरला गेलेल्यांनी पाहिलं असेल, दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींना सावली देतात. उत्तर-दक्षिण गल्लीत सकाळी पूर्वेची भिंत सावली धरते, दुपारनंतर पश्चिमेची. उन्हाळ्यात ऐन दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा कुठलीच भिंत कामाची नाही. म्हणून बाजाराच्या गल्ल्यांवर छप्पर. पण अरुंद गल्लीचा तोटाही आहे. तिला आकाश कमी दिसतं, म्हणून रात्री ती लवकर गार होत नाही. लोक काय करतात? गच्चीवर झोपतात. मग कथेतली अर्धी गुपितं, भांडणं, प्रेमप्रकरणं गच्चीवर घडणार हे आपोआप ठरलं. मला वेगळं काही सुचवावं लागलं नाही.

हंड्याचा हिशोब

आता ताईच्या प्रश्नाकडे. पाणी कुठून येतं? वही-पेन घ्या, नाहीतर फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० मिलिमीटर पाऊस एक चौरस किलोमीटरवर पडला तर १० कोटी लिटर. ऐकायला खूप वाटतं ना? माझ्या शहरात मी २० लाख माणसं टाकली होती. भारतात शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर असं प्रमाण धरतात. आपण कंजूषपणा करू, ४० लिटर धरू. तरी रोजचे ८ कोटी लिटर झाले. म्हणजे एक चौरस किलोमीटरवरचा वर्षभराचा सगळा पाऊस, एक थेंबही न सांडता साठवला, तरी सव्वा दिवसात संपला!

वर्षाचा हिशोब २,९२० कोटी लिटर. पडलेल्या पावसातला दहावा हिस्सा हाती लागला असं धरू, बाकी उडून जातो, मुरतो. तर सपाटीवर जवळजवळ तीन हजार चौरस किलोमीटरचं पाणी गोळा करावं लागेल. पण डोंगरावर ४०० मिलिमीटर पडत असेल तर साडेसातशे चौरस किलोमीटर पुरतात. म्हणजे शहर वाळवंटात असलं तरी जगतं डोंगरावर. नकाशात डोंगर शोभेसाठी काढला होता, तो आता सगळ्यात मोलाचा झाला.

पण डोंगर तिकडे, शहर इकडे. उन्हात उघडा पाट काढला तर पाणी वाटेतच उडून जाणार. यावर इराणमध्ये हजारो वर्षांपूर्वी निघालेला उपाय म्हणजे कनात, म्हणजेच कारेझ. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणायची, भूजल लागेपर्यंत. तिथून जमिनीखालून बोगदा काढायचा, अगदी थोड्या उताराचा. जमिनीचा उतार जास्त, बोगद्याचा कमी, म्हणून कधीतरी बोगदा स्वतःच जमिनीवर येतो आणि पाणी आपसूक वाहायला लागतं. वाटेत ठरावीक अंतरावर हवेसाठी आणि माती काढण्यासाठी उभी भोकं. पंप नाही, ऊन नाही.

हिशोब करून बघा. मूळ विहीर ६० मीटर खोल. जमीन किलोमीटरला ३ मीटर उतरते, बोगदा १ मीटर. दर किलोमीटरला २ मीटरची भरपाई. म्हणजे ३० किलोमीटरवर पाणी वर आलं. शहर कुठं वसवायचं ते ठरलं! डोंगरापासून ३० किलोमीटरवर, जिथं बोगदा तोंड उघडतो तिथं. यझ्दजवळचा झार्चचा कनात तर ७० किलोमीटरहून लांब आहे.

हे परकं वाटत असेल तर थांबा. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी आठवा. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेली जमिनीखालची पाणीवाट. त्याच सुमाराचा बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा. दख्खनच्या मातीत हे तंत्र येऊन चारशेहून जास्त वर्षं झाली.

माझ्या शहरात असे सात कारेझ आहेत. प्रत्येक कारेझ एका बारवेत उतरतो. सात बारवा, प्रत्येकीभोवती एक वस्ती. म्हणून शहराचं नाव सातबारव. हो, सातबारा नाही, सातबारव. पण तिथंही भांडणं उताऱ्यावरूनच होतात, तेवढं साम्य आहे.

मग एवढं पसरलं कसं?

आता खरी अडचण. प्रत्येक कारेझ सेकंदाला २० लिटर देतो असं धरलं, तर दिवसाला १७ लाख लिटरच्या वर. सात मिळून साधारण १ कोटी २१ लाख. त्यातलं अर्धं तरी शेताला आणि बागांना. उरलेल्यात माणशी ४० लिटरनं दीड लाख माणसं जगतात. मी टाकली होती २० लाख! उरलेले साडेअठरा लाख काय पितात?

इथं मला कळलं, की वाळवंटातलं जुनं शहर पसरत नाही, गोळा होऊन बसतं. सावलीसाठी आणि पाण्यासाठी. वाळवंटात पसरतं ते पंप आल्यानंतरचं शहर. अमेरिकेतलं फिनिक्स बघा. रुंद रस्ते, स्वतंत्र बंगले, प्रत्येकाला गाडी. कोलोरॅडो नदीचं पाणी साधारण ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून, पंपांनी चढावर उचलून तिकडच्या शहरांकडे आणलं जातं. पाणी, वीज आणि एसी, तिन्ही असेपर्यंत सगळं छान.

म्हणून सातबारवचे दोन भाग केले. आतला जुना गाव आणि बाहेरचं पसरलेलं नवं शहर. नव्या शहराला बोअरवेल आणि लांबून आणलेला एक कालवा. बोअर आले की काय होतं ते मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा. एकानं तीनशे फूट मारला की शेजारी पाचशे मारतो. हजार फुटांखाली गेलेले बोअर आमच्याकडे आहेत. पाण्याची पातळी खाली गेली की पहिला मरतो कारेझ, कारण त्याचा बोगदा काही आणखी खाली जाऊ शकत नाही. इराणमध्ये खोल विहिरी आणि पंप आल्यावर कितीतरी कनात असेच कोरडे पडले. माझ्या शहरातही सातपैकी चार बारवा आता कोरड्या आहेत. नाव मात्र अजून सातबारव.

आणि नवं शहर स्वतःचं हवामान तयार करतं. डांबर आणि काँक्रीट दिवसभर उष्णता गिळतात आणि रात्रभर सोडत बसतात. एसी घर गार करतो, पण गरम हवा गल्लीत टाकतो. पश्चिमेला उंच इमारतींची भिंत उभी राहिली आणि तो रात्रीचा डोंगरवारा आठवतो? तो अडला. पूर्वेकडच्या वस्त्यांमध्ये पहाटेचं तापमान २७ वरून ३२ वर गेलं, असं मी धरलं आहे. दिवसाच्या उन्हापेक्षा ही रात्र घातक. शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. त्या वर्षी त्या एका काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. त्यात बेघर माणसं फार मोठ्या संख्येनं होती. उन्हाचा आकडा सगळ्यांना सारखा असतो. सावली सारखी नसते.

पाऊस पडला तर?

तुम्ही म्हणाल, वाळवंटात पुराची काय भीती? तीच तर मोठी. १०० मिलिमीटर म्हणजे रोज थोडा थोडा नव्हे. वर्षभरात आठ-दहा दिवस पाऊस, आणि कधीतरी एका दिवसात वर्षाचा कोटा. कडक जमीन पाणी पीत नाही, झाडोरा नाही, सगळं वाहत सुटतं.

१६ एप्रिल २०२४ ला दुबईचा विमानतळ पाण्यात होता, ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. त्याच पावसात अमिरातीतल्या एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या ७५ वर्षांतला सर्वाधिक. आपल्याकडे राजस्थानात बाडमेरजवळच्या कवास गावात २००६ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. जमिनीखाली जिप्समचा थर असल्यानं पाणी मुरेचना, गाव बराच काळ पाण्याखाली राहिलं.

जुन्या लोकांना हे माहीत होतं. जॉर्डनमधल्या पेट्रात दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोकांनी बंधारा आणि खडकातला बोगदा करून पूर शहराबाहेर वळवला होता. आपल्या कच्छमध्ये धोलावीरा दोन पावसाळी ओढ्यांच्या मध्ये वसलं आणि त्यांचंच पाणी अडवून हौदांत भरलं. हजारो वर्षांपूर्वी! म्हणजे पूर आणि प्यायचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

सातबारवमध्ये एक कोरडा ओढा आहे. जुन्या गावातलं कुणी त्याच्या पात्रात घर बांधत नाही. नवे आलेले बांधतात, कारण जागा रिकामी आहे, सपाट आहे, स्वस्त आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात आंबिल ओढ्यानं काय केलं ते आठवलं, तर मला यापुढचं काही सांगायला नको.

शेवटचं घर

आता ताईबद्दल.

२०१६ मध्ये लातूरला पाणी संपलं होतं. पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. आजच्या हिशोबात बघा: माणशी ४० लिटरनं साडेबारा हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. शहर होतं चार लाखांच्या आसपास. ती गाडी आली तेव्हा आम्ही पोरं नाचलो होतो. हिशोब आत्ता केला.

आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. कधी येईल ते कुणी सांगत नसे. ताई तेव्हा कॉलेजला. तिनं एक वही केली होती. टँकर कधी आला, किती वाजता, कुठल्या टोकापासून सुरू झाला, कुणाला किती मिळालं. आमचं घर गल्लीच्या शेवटी. वहीवरून तिनं दाखवून दिलं, की टँकर दरवेळी त्याच टोकापासून सुरू होतो आणि शेवटच्या चार घरांना दरवेळी निम्मंच मिळतं. मग गल्लीतल्या बायकांनी ठरवलं, एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून. भांडण झालं, पण ठरलं. मात्र त्याआधी एकदा तिच्या पेपरच्या दिवशीच टँकर आला. ती पेपरला गेली, आजी हंडे घेऊन उभी राहिली आणि चिखलात घसरली. मनगट मोडलं. ताई अजून म्हणते, पेपर पुन्हा देता आला असता.

माझ्या पहिल्या मसुद्यात तहानलेली जनता राजवाड्यावर चाल करून जात होती. मशाली, घोषणा, सगळं. खरं सांगू? तसं मी काही पाहिलेलं नाही. मी पाहिली ती रांग. रांगेत माणसं चाल करत नाहीत, आपला नंबर जाईल म्हणून जागा सोडत नाहीत. सत्ता राजवाड्यात नसते, ती टँकरच्या नळीपाशी असते.

कारेझच्या गावांतही हेच. पाणी जिथं पहिल्यांदा वर येतं तिथं सधन घरं, स्वच्छ पाणी. खालच्या टोकाला वापरून आलेलं. म्हणून इराणात पाणी वाटणारा माणूस वेगळा असे, मीराब. तो मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर भोक पाडलेली वाटी तरंगत ठेवायचा. वाटी भरून बुडाली की एकाची पाळी संपली. आपल्याकडे धुळे-नंदुरबार-नाशिक भागात फड पद्धतीत पाटकरी असतो. शेतकऱ्यानं स्वतः पाणी फोडायचं नाही, पाटकऱ्यानं द्यायचं. पाणी कमी पडणार हे गृहीत धरून माणसांनी केलेले हे नियम आहेत. घुमटांपेक्षा, मनोऱ्यांपेक्षा मला आता हे जास्त मोठं बांधकाम वाटतं.

तर सातबारवच्या नव्या मसुद्यात राजवाडा जवळजवळ नाहीच. कथा सुरू होते पूर्वेच्या टोकाला, जिथं रात्रीचा वारा पोहोचत नाही, त्या शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात. तिथली एक मुलगी पाण्याच्या पाळ्यांची वही ठेवते. एवढंच. पण त्या वहीला शहरातली माणसं घाबरायला लागतात.

तुम्हाला तुमचं शहर वसवायचं असेल तर एवढे प्रश्न लिहून घ्या. इथं वाळवंट का आहे? सगळ्यात गरम महिना कुठला आणि रात्र किती गार? हवा कोरडी की दमट? पाणी कुठून येतं आणि किती माणसांना पुरतं? पाऊस आला तर कुठून वाहतं? आणि शेवटचं घर कुणाचं? शेवटचा प्रश्न आधी सोडवला तरी चालेल. नकाशे काढलेत तर मला नक्की पाठवा, मी बघतो.

परवा नवा मसुदा ताईला वाचून दाखवला. या वेळी ती मध्येच थांबवून म्हणाली, "आठ दिवस साठवलेल्या पाण्याला वास येतो. तुरटी फिरवावी लागते. ते लिही."

लिहिलंय. भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा, आणि नळ नीट बंद करा.